पुढच्या ओळीतला मुका

माझ्या थोरल्या दिरांबद्दल कुणी चार शब्द बरे बोलायला लागलं की मी उठून आत जाते. बायका म्हणतात, बाई, झालं गेलं, आता सोडा. मी सोडत नाही. राग धरून बसू नये असं मी वर्षानुवर्षं वर्गात पोरांना शिकवलं आणि घरी येऊन स्वतः धरून बसले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्यांना माफ करायचंय त्यांनी खुशाल करावं. त्यांच्या नवऱ्याचा दात गेलेला नाही.

दात म्हटलं की लोक हसतात. एका दातासाठी एवढं? म्हणून तो दात कुणाचा होता आणि कशासाठी लागत होता ते आधी सांगते.

आमचे हे क्लॅरोनेट वाजवायचे. थोरल्या दिरांचा ब्रास बँड होता. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान, बाहेर सोनेरी अक्षरांची पाटी आणि आत खुंट्यांवर टांगलेले लाल कोट. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. मी कोऱ्हाळे बुद्रुकच्या शाळेत शिक्षिका; आम्ही बारामतीत दोन खोल्या घेऊन राहायचो आणि मी रोज एसटीनं शाळेत जायची. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. टेपरेकॉर्डर घरोघरी झाले होते, तरी लग्नाला बँड पाहिजेच असे ते दिवस. आणि बँडमध्ये गाणं गातं ते क्लॅरोनेट. बाकी ढोल, ताशे, ट्रम्पेट सगळे त्याच्या मागून चालणारे. गाण्याचे शब्द ऐकू आल्यासारखे वाटतात ते त्या एका काळ्या नळीतून.

ह्यांना मी आधी पाहिलं नाही, ऐकलं. इंदापुरात मामेबहिणीचं लग्न होतं. मुलगी सासरी निघाली तेव्हा बँडनं रडकं गाणं धरलं. लग्नातलं रडणं मला सोसत नाही, बायका एकमेकींकडे बघून रडतात असं माझं मत आहे. पण त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि मग हा कोण मेला असं वाजवतोय ते बघायला पुढं गेले. लाल कोटातला एक बारकासा माणूस होता, डोळे मिटलेला. त्याच माणसाशी मी लग्न केलं.

वडिलांचा विरोध होता. आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी गावकीची कामं टाकली, त्यात दुसऱ्याच्या दारात जाऊन वाजवणंही टाकलं. वडील म्हणाले, "तुझ्या आज्यानं जे खाली ठिवलं ते तू घरात आणणार व्हय?" मी म्हणाले, "आज्यानं फुकटचं वाजवणं खाली ठेवलं. हा माणूस गाणं वाजवतो." वडील बरेच दिवस बोलले नाहीत. मग एकदा जयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी ह्यांचं वाजवणं ऐकलं आणि काही न सांगता आमच्या घरी येऊन जेवून गेले.

हे बोलायला फार कमी. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवायचे. दिरांसमोर तर तोंडच उघडायचं नाही. थोरल्या भावानं वाढवलं, त्यानंच हातात क्लॅरोनेट दिलं, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घरात बोलायचं काम माझं आणि वाजवायचं ह्यांचं. मी चिडलेली असले की संध्याकाळी हे दाराशी बसून काहीतरी हळू आवाजात वाजवायचे आणि मी भाकरी थापता थापता समजून जायची. आमचा संसार असा चालला होता आणि चांगला चालला होता.

मग दात हलायला लागला. वरचा, समोरचा. आधी हिरडीतून रक्त यायचं, मग पू, मग दात जरासा पुढं आला आणि शेजारच्या दातात नि त्याच्यात फट पडली. सूर फाटायला लागला. वरातीत नाचणाऱ्यांना काय कळतंय, पण मला कळत होतं आणि ह्यांना कळत होतं. क्लॅरोनेटवाल्याचे वरचे पुढचे दात गेले की तो माणूस संपला, असं बँडच्या धंद्यात सगळेच म्हणतात.

आता सगळ्या खानदानाला त्या दातावर काहीतरी लावायचं होतं. सासूबाईंनी शेळगावहून मिश्रीची डबी पाठवली. "रोज घासत जा म्हनावं, हिरडी आवळती." त्यांच्या स्वतःच्या तोंडात मिश्री घासून घासून मोजके दात उरले होते, पण सांगताना आवाज असा की समोरच्यानं गप्प बसावं. चुलत सासऱ्यांनी तुरटी सांगितली. शेजारणीनं लवंगाचं तेल आणून दिलं आणि ते लावलं का म्हणून रोज विचारायला यायची. दीर म्हणाले, "उपटून टाक. एका दातानं काय व्हतंय?"

मी ह्यांना भिगवण रोडला एका नव्या डॉक्टरकडे नेलं. औषधाच्या दुकानाच्या वर दवाखाना होता, पोरगेलासा डॉक्टर, पुण्याहून नुकताच शिकून आलेला. त्यानं एक्स-रे काढला आणि ती बोटभर फिल्म ट्यूबलाइटकडे धरून आम्हाला दाखवली. म्हणाला, "दात उत्तम आहे. त्याला धरून ठेवणारं हाड गेलंय." ह्यांनी फिल्म हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले.

डॉक्टरनं समजावून सांगितलं, ते चांगलं सांगितलं, एवढं मी कबूल करते. पूर्वी असा दात काढूनच टाकायचे. आता हिरडी उघडायची, मुळाभोवतीची घाण खरवडून काढायची आणि हाड खाल्लं जाऊन जो खड्डा पडलाय त्यात हाडाची पूड भरायची, टेट्रासायक्लिनमध्ये कालवून. "तेच औषध गोळी म्हणून पोटात घेतलं तर अंगभर वाटलं जातं," तो म्हणाला. "इथं ते थेट खड्ड्यातच ठेवायचं. जंतू तिथल्या तिथं मरतात आणि पुडीच्या आधारानं तुमचं स्वतःचं हाड हळूहळू भरून येतं." खड्डे दोन होते. एक ह्या दाताला, एक शेजारच्याला. दोन्ही भरू म्हणाला.

"नक्की भरून येतं?" मी विचारलं.

"नक्की कुणीच सांगणार नाही. पण तिथं हलवाहलव झाली नाही तर येतं."

ह्यांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर जिना उतरताना म्हणाले, "हाड पुन्हा येतं म्हंजी बघ." एवढंच. पण त्या दिवशी संध्याकाळी दाराशी बसून त्यांनी जे वाजवलं, फाटक्या सुरात का होईना, ते ऐकायला शेजारीणसुद्धा लवंगाचं तेल विसरून उभी राहिली.

ऑपरेशनच्या वेळी मी आत होते. काचेच्या वाटीत ओल्या रव्यासारखं पिवळसर काहीतरी कालवलेलं होतं. डॉक्टर चिमूट चिमूट घेऊन खड्ड्यात दाबत होता. हात चांगला होता त्याचा. वर टाके घातले, गुलाबी लेप बसवला, दातांच्या मागून बारीक तार बांधली. मग सूचना. गरम नको, पुढच्या दातांनी चावायचं नाही, तिथं ब्रश लावायचा नाही, औषधाच्या पाण्यानं चूळ भरायची, तंबाखूचं नावसुद्धा काढायचं नाही. "आणि फुंकायचं नाही. सहा महिने अजिबात नाही."

मी ते तोंड राखलं. पेज केली, भाकरी दुधात कुस्करली, चुळेचं पाणी वेळेवर हातात दिलं. सासूबाई भेटायला आल्या आणि बोटावर मिश्री घेऊन ह्यांच्याजवळ सरकल्या, तेव्हा मी त्यांच्यादेखत डबी उचलून उकिरड्यावर टाकली. त्या रुसून दुपारच्या गाडीनं शेळगावला निघून गेल्या. जाऊ द्या म्हटलं.

मग लगीनसराई आली आणि तिच्याबरोबर दीर आले. लग्नांच्या सुपाऱ्या त्यांनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या, आणि घेतलेली सुपारी परत करणं म्हणजे बँडवाल्याची अब्रू गेली. आल्या आल्या ह्यांना म्हणाले, "मग? परवा लासुर्ण्याला लगीन हाय."

"सहा महिने नाही," मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, म्या ह्येला इचारतोय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डाक्टर काय म्हनला? फुकायचं न्हाय. मग नको फुकू. कोन म्हनतंय फुक? निस्ता उभा ऱ्हा."

हे नुसतं उभं राहणं काय असतं ते सांगायला हवं. लग्नघरचे लोक बँड ठरवतात तो माणसांवर. इतकी माणसं, इतके कोट. पण इतके वाजवणारे आणायचे कुठून? म्हणून मागच्या ओळीत दोन-चार जण नुसतेच उभे करतात. शेतावरचा गडी, हमाल, कुणाचा तरी मेव्हणा. लाल कोट घालायचा, ट्रम्पेट ओठाला लावायचं, गाल फुगवायचे आणि वारा घालायचा नाही. वरातीत कोण बघतंय? धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत असतं आणि कुणी कुणाचं नाव सांगत नाही. पण असा मुका नेहमी मागं असतो. दिरांनी तो पुढं उभा करायचं ठरवलं, कारण लोक ह्यांचं तोंड बघून सुपारी द्यायचे. "त्योच क्लॅरोनेटवाला पायजे" म्हणायचे. तर तो पुढं उभा राहील, आणि फलटणकडून आणलेला दुसरा एक जण मागच्या ओळीत, मोठ्या ढोलाच्या आडून, खरं वाजवेल.

हे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मग म्हणाले, "फुकायचं न्हाय ना, मग चालतंय की."

मला विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरचे हात एका म्हातारबाच्या तोंडात होते. मी विचारलं, "हे बँडमध्ये नुसते उभे राहिले तर चालेल का? फुंकणार नाहीत."

"फुंकायचं नाही, बस."

"वाद्य घेऊन उभे राहणार, पण. नक्की चालेल ना?"

तो माझ्याकडे न वळता हसला. "अहो बाई, उभं राहून कुणाचा दात पडलाय का?" तोंडात आरसा असलेला तो म्हातारबाही घशातल्या घशात हसला. माझी गाडी चुकत होती, मी निघाले. पुढं कितीतरी दिवस ते हसणं माझ्या कानात होतं.

सगळी सराई हे पुढच्या ओळीत उभे राहिले. फुंकर म्हणून घातली नाही. बँडवाल्यांच्या लेखी सगळं काम दमाचं असतं. दम घातला तर वाजवलं, दम घातला नाही तर वाद्य हातात असून नसल्यासारखं. वाजवणाराच असं मानतो तिथं बाकीच्यांचं काय. कोऱ्हाळ्याच्या एका लग्नात हे गेले होते. सोमवारी वर्गातली पोरं म्हणाली, "बाई, तुमच्या मालकांनी लई भारी वाजवलं." मी फळा पुसत राहिले. घरी आले तर हे कोट काढून चूळ भरत होते. मी पोरांचं सांगितलं. हे म्हणाले, "फलटनचा चांगला हाय," आणि पुन्हा चूळ भरली.

पावसाळ्याच्या तोंडाला त्या चुळेतून कण यायला लागले. पिवळट, बारीक. हे मोरीत वाकून बघत होते. मी विचारलं काय बघताय, तर बाजूला सरकले. "आतलं भाईर येतंय," म्हणाले. मी खाली वाकून बोटावर घेतलं. ओला रवा.

त्याच दिवशी दवाखान्यात गेलो. ह्यांना तिथून पुढं लग्नाला जायचं होतं म्हणून हातात क्लॅरोनेटची पेटी होती. डॉक्टरनं नवा एक्स-रे काढला, जुन्याशेजारी धरला आणि भुवया चढवल्या. शेजारच्या दाताचा खड्डा भरत आला होता, मला न शिकताही दिसत होतं; जिथं काळं होतं तिथं पांढुरकं आलं होतं. आणि ह्या दाताचा खड्डा रिकामा, आधीपेक्षा मोठा.

"तुम्ही लोक ना, सांगितलेलं ऐकत नाही," डॉक्टर म्हणाला. "फुंकलात ना?"

"न्हाय डाक्टर."

"मग तंबाखू?"

"न्हाय."

"मग हे आपोआप झालं का?"

"तुम्ही लोक" ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही लोक म्हणजे कोण लोक? हा शब्द मी शाळेत ऐकला, एसटीत ऐकला, घर भाड्यानं घेताना ऐकला, आणि प्रत्येक वेळी म्हणणारा माणूस खुर्चीत बसलेला होता. मी ह्यांना म्हणाले, "पेटी उघडा. कसे उभे राहत होतात ते डॉक्टरांना दाखवा."

ह्यांनी क्लॅरोनेट जोडलं, उभे राहिले आणि तोंडाला लावलं. फुंकलं नाही. डॉक्टर जवळ आला. वाकून बघितलं. त्या नळीचं टोक वरच्या दाताखाली अडकलेलं होतं, ह्यांच्या धरण्याच्या जरा तिरक्या सवयीनं नेमकं त्या एका दाताखाली. खालून अंगठ्याचा टेकू आणि वरून दात. डॉक्टरनं नळीला नुसतं बोट लावलं. दात हलला.

"हे असं किती वेळ धरायचात?"

"वरात मांडवात जाईस्तवर."

"पण वाजवत नव्हतात ना, मग इतकं घट्ट कशाला?"

तेव्हा हे बोलले. इतकं लांब बोलताना मी त्यांना फारसं ऐकलेलं नाही. "वाजवताना व्हटं धरत्यात, डाक्टर. वाऱ्यानं व्हटं आवळून बसत्यात, दाताला एवढं काम नसतं. मुकं धरायचं म्हंजी दातानंच धराय लागतंय. चालताना हालतंय, नाचनारी पोरं धक्का देत्यात, मग दात रोवूनच धरायचं, न्हाय तर लोकांस्नी कळतं."

डॉक्टर स्टुलावर बसला. मग म्हणाला, "हे मला आधी सांगायला पाहिजे होतं."

मग मी जे बोलले ते खाली औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असं नंतर तिथला पोऱ्या सांगत होता. मी म्हणाले, "आम्ही सांगायचं? मी विचारायला आले होते तुम्हाला. वाद्य घेऊन उभे राहणार म्हणाले होते. तुम्ही हसलात. हा माणूस तोंडानं पोट भरतो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या तोंडात तो काय धरतो, कसं धरतो, एकदा तरी विचारलंत? फुंकायचं नाही म्हणे. दाताला काय टेकतं ते बघायचं काम माझं होतं का तुमचं?" बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकवायला लागली. हे माझा हात ओढत होते. मी ओढू दिला नाही.

डॉक्टर लाल झाला. फिल्म पुढं करून म्हणाला, "पण शेजारी बघा ना. तिथं हाड आलंय. औषधानं काम केलंय." हे त्यानं म्हणायला नको होतं. तेच तर दुखत होतं. जिथं नळी टेकत नव्हती तिथं हाड आलं होतं. म्हणजे इथंही आलं असतं. मी म्हणाले, "आलं असतं ना?" त्यानं फिल्म खाली ठेवली.

पुन्हा भरून बघू का, ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, आता मूळच उघडं पडलंय, औषध ठेवायला जागा नाही. आठ-पंधरा दिवसांत दात काढला. भूल न देता काढला असता तरी चाललं असतं इतका तो सुटला होता.

मी दिरांच्या दुकानात गेले. गिऱ्हाइक बसलेलं होतं, मी त्याच्यासमोरच बोलले. दीर खुर्चीत रेलून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्या फुक म्हनलो व्हतो का?" एवढीच त्यांची बाजू. अजूनही त्यांची तेवढीच बाजू आहे. कुणीही विचारलं की म्हणतात, म्या फुक म्हनलो न्हवतो. आणि लोकांना ते पटतं, हे मला जास्त लागतं.

खोटा दात बसवला, टाळूला चिकटणारी पट्टी आणि त्यावर एक दात. हसायला, जेवायला बरा होता. क्लॅरोनेट टेकवलं की पट्टी सरकायची. हे दाराशी बसून प्रयत्न करायचे. सूर लागायचा आणि मधेच घसरायचा, पुन्हा लावायचे, पुन्हा घसरायचा. पट्टी काढून फटीतून प्रयत्न केला, शेजारच्या दातावर धरून बघितलं, ओठ दोन्हीकडून आत घेऊन बघितलं. मी भाकरी थापायची आणि ऐकायची. मग एका संध्याकाळी दाराशी कुणी बसलं नाही.

आणि दिरांनी काय केलं? पुढच्या सराईत पुन्हा लाल कोट पाठवून दिला. "आता तर काय दातबी न्हाय, आता कशाची भीती? पुढं उभा ऱ्हा. पगार त्योच." हे गेले. मी भांडले, ओरडले, दोन दिवस अबोला धरला. हे म्हणाले, "दुसरं काय येतंय मला?" माझा अबोला तिथंच संपला. दिरांना मात्र मी तेव्हापासून भाऊजी म्हणायचं सोडलं.

मग दिरांच्या मुलाचं लग्न निघालं, इंदापूरची मुलगी. दिरांनी गुलाबी फेटा बांधला होता आणि असे फिरत होते की जणू त्यांचंच लग्न आहे. दुपारी नवरदेव वाजतगाजत मांडवाकडे निघाला. घरचाच बँड, सगळे कोट इस्त्रीचे. हे पुढच्या ओळीत मधोमध, फलटणचा मागं ढोलाच्या आड. मी बायकांच्या घोळक्यात चालत होते, कपाळाला आठ्या घालून.

फलटणचा चांगला वाजवायचा, ते खरं आहे. त्या दिवशी त्यानं एक जुनं गाणं धरलं, संथ. मी ह्यांच्याकडे बघत होते आणि बघता बघता माझी पावलं थांबली. मुके असतात ते बोटं कशीही हलवतात, नाहीतर हलवतच नाहीत. ह्यांची बोटं गाणं वाजवत होती. जिथं सूर वर चढत होता तिथं त्यांची बोटं उठत होती, जिथं तो लांबवत होता तिथं थांबत होती. वर्षभर सगळ्या लग्नांत हा माणूस असंच करत आला असणार, आणि ते मला त्या दिवशी दिसलं. मला तिथं त्या सगळ्या लोकांचा राग आला, नाचणाऱ्यांचा, फेटेवाल्यांचा, हसणाऱ्या बायकांचा.

नवरीचे आजोबा, पांढरं धोतर नेसलेले, काठी टेकत पुढं आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. नोट काढून त्यांनी ह्यांच्या डोक्यावरून ओवाळली आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, काय वाजीवतोस! जित्ता ऱ्हा."

बक्षीस द्यायला कुणी आलं तर मुक्यानं वाद्य न काढता मान लववायची आणि नोट कोटाच्या खिशात घालून घ्यायची असा रिवाज. ह्यांनी मान लववली नाही. त्यांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं.

गाणं चालूच राहिलं.

आजोबांनी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या क्लॅरोनेटकडे बघितलं. पुढं नाचणारी पोरं थांबली. मागं फलटणच्याला काही कळलंच नाही, तो डोळे मिटून वाजवत होता. ह्यांनी आजोबांचा हात खांद्यावरून काढून दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, म्या न्हाय. त्यो मागं हाय त्यो वाजीवतोय. मला वाजवाय येत न्हाय आता."

दीर धावत आले. फेटा तिरका झाला होता. दात आवळून म्हणाले, "तोंडाला लाव. लाव म्हनतो!" व्याही बघत होते, सगळं इंदापूर बघत होतं. ह्यांनी लाल कोट काढला, त्यात क्लॅरोनेट गुंडाळलं आणि दिरांच्या हातात दिलं. "दादा," म्हणाले, "आता तू उभा ऱ्हा."

दिरांचं तेव्हाचं तोंड बघून मला जो आनंद झाला तो मी कधीच लपवला नाही. जेवणाला आम्ही थांबलो नाही. अंगात बनियन आणि वर माझी शाल, अशा अवतारात हे माझ्याबरोबर एसटी स्टँडवर आले. बारामतीची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. मी बोलत होते. निमगाव केतकी येईपर्यंत मी दिरांना, व्याह्यांना, डॉक्टरला, सासूबाईंना, कुणालाही सोडलं नाही. हे गप्प. मग मी त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या सीटचा लोखंडी दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याच्यावर त्यांची बोटं उठत होती, पडत होती.

"अहो, काय करताय?"

"अंतरा ऱ्हायला व्हता," हे म्हणाले.

मी तोंड मिटलं आणि त्यांचा अंतरा संपेपर्यंत काही बोलले नाही.